थोरल्या डिस्कला चंदन

तंजावुरात पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा त्या दारापुढे मी चांगली पाच मिनिटं उभी होते. दाराला तीन बेल होत्या. पहिली दाबली, आवाज नाही. दुसरी दाबली, आवाज नाही. तिसरी दाबावी की सरळ परत फिरावं अशा विचारात असताना आतून कोणीतरी ओरडलं, "तिसरी, बाई! तिसरी दाबा!" म्हणजे हा गृहस्थ खिडकीतून माझी फजिती बघत होता आणि तरी दार उघडत नव्हता. मी चिडून तिसरी दाबली. ती वाजली आणि मगच दार उघडलं.

पहिली बेल त्या गृहस्थांच्या, म्हणजे घरमालक मामांच्या, वडिलांनी बसवलेली. ती बिघडली तेव्हा मामांनी शेजारी दुसरी बसवली आणि दुसरी बिघडल्यावर तिसरी. बंद पडलेल्या काढून का टाकत नाही, असं मी घर पक्कं व्हायच्या आधीच विचारून बसले. माझी जीभ पहिल्यापासून अशीच.

"काढून?" मामा म्हणाले. "त्यांनी काय केलं तुमचं? असूं द्या की त्याही. भिंतीला जागा अहे."

मी मूळची नाशिकची. विमा कंपनीच्या नोकरीत तंजावूरला बदली झाली तेव्हा ऑफिसातल्या एकानं राजवाड्यामागच्या गल्लीतलं हे घर सुचवलं. मराठी माणसं आहेत, तुम्हाला सोपं जाईल, म्हणाला. माणसं मराठी होती, पण सोपं मुळीच गेलं नाही. मी चार वाक्यं बोलले तशी मामांनी आत हाक मारली, "अग, ये इकडं, ऐक! ह्या पेपर वाचल्यागत बोलतात!" मामी पदराला हात पुसत आल्या, कौतुकानं ऐकत उभ्या राहिल्या आणि शेवटी तमिळमध्ये मला कॉफी घेणार का विचारलं. माझं मराठी त्यांना बहुधा उत्तर देण्याच्या लायकीचं वाटलं नसावं.

गल्लीतले तमिळ शेजारी त्यांना 'रायर', म्हणजे आपलं 'राव', म्हणायचे. मी मामा म्हणू लागले, कारण मामींनी तसं सांगितलं. वरची खोली माझी, खाली ते दोघं. मुलगा चेन्नईला. त्या घरात मी तीन वर्षं राहिले आणि त्या तीन वर्षांत त्यांनी एकही वस्तू टाकलेली मी पाहिली नाही. दिवाणखान्यात तीन पंखे होते, फिरायचा एक. मोपेडला डाव्या अंगाला दोन आरसे होते; एकाला तडा गेला म्हणून दुसरा लावला होता. जुन्या स्क्रूंच्या बाटल्या फळीवर ओळीनं मांडलेल्या, आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे बाटली नुसती हलवून त्यांना सांगता यायचं.

ते टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं आणि तुटलेल्या जाड केबलमधल्या केसाएवढ्या शेकडो तारा रंग बघून एकेक जोडायच्या. सगळी नोकरी त्यातच गेली. "तोडायला अस्की येतात, बाई," ते सांगायचे. "नळवाले, रस्तेवाले, वीजवाले, अस्की. जोडायला मी एकटा." अस्की म्हणजे सगळे. हा शब्द पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडात बसला आणि पुढे नाशिकला गेल्यावर आईनं त्यावरून मला वेड्यात काढलं.

निवृत्तीनंतर त्यांनी शर्टाच्या खिशात एक लहानसा रेकॉर्डर ठेवायला सुरुवात केली. गल्लीतल्या, शहरातल्या, आसपासच्या गावांतल्या मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, ओट्यावर बसायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. गाणी नकोत, गोष्टी नकोत. गुडघे दुखतात, पाणी आलं नाही, सून ऐकत नाही, असलं काहीही चालायचं. एकदा कॉलेजातले कोणी प्राध्यापक आले आणि यातलं निवडक मला द्या म्हणाले. मामांनी त्यांना कॉफी पाजली आणि विचारलं, "निवडायला मी कोण?" प्राध्यापक रिकाम्या हातानं परत गेले. हे सगळं कशासाठी, असं मीही एकदा विचारलं. "नातवाला आपली भाषा कळते, उत्तर मात्र इंग्लिशात देतो," मामा म्हणाले. "तर कळायला तरी असूं दे की काही."

हा सगळा संसार दिवाणखान्यातल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये होता. मामांना देवनागरी वाचता येत नसे. ते मराठी तमिळ लिपीत लिहायचे. आणि फायलींना नावं द्यायची त्यांची पद्धत ऐकून मी कपाळावर हात मारला होता. माणसाचं नाव नाही, गाव नाही. त्या घरी काय खायला मिळालं ते नाव. 'पिटलं'. 'दोन कॉफी'. 'साटोरी, थोडी करपलेली'. एका भल्यामोठ्या फोल्डरचं नाव होतं 'काही दिलं नाही', आणि त्यात चाळीसेक फायली होत्या.

"अहो, पण माणूस कसा सापडणार?"

"कोणी काय दिलं तें विसरतो का कोणी?" मामा म्हणाले. त्यांना खरोखरच एकेक फाइल बरोबर सापडायची.

एक दिवस पडद्यावर जागा संपल्याची लाल पट्टी दिसू लागली आणि मामांनी मला खाली बोलावलं. कॉलेजात असताना मी स्वतःचा कंप्युटर सुटे भाग आणून जुळवला होता, हे मी कधीतरी बढाई मारत सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी फायली पाहिल्या. एकीत तर सुरुवातीची अकरा मिनिटं कोणीतरी नुसतं घोरत होतं. मी म्हटलं, मामा, असलं थोडं काढून टाकू, मग भरपूर जागा होईल.

मामा उठले आणि आत गेले. त्यानंतर दोन दिवस वरच्या टाकीत पाणी चढवायचा पंप लागला नाही. मी बादल्या वाहिल्या आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मामी डोसे घेऊन वर आल्या. "अग, तें घोरणं त्यांच्या आप्पांचं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मला जेवण गेलं नाही. आप्पा म्हणजे मामांचे वडील, पहिली बेल बसवणारे.

म्हणून मीच जाऊन सांगितलं की काढायचं काही नको, आणखी एक डिस्क बसवू. जुनी राहील, शेजारी नवी येईल. मामांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांच्या मनातलंच बोलले होते. त्या क्षणापासून जुनी डिस्क 'थोरले' झाली आणि अजून दुकानातही न पाहिलेली नवी डिस्क 'धाकटे'. मामा त्यांच्याविषयी आदरानंच बोलायचे. थोरले आज दमले आहेत. थोरले कुरकुर करत आहेत. ते मात्र खरं होतं. डिस्कमधून बारीक टकटक ऐकू येऊ लागली होती आणि मला ती आवडत नव्हती.

त्याच सुमाराला जवळच्या ओरत्तनाडू गावाहून फोन आला. तिथे मामांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं घर, सून त्यांच्याजवळ. अक्कांना पक्षाघात झाला होता. तंजावुरात इस्पितळात ठेवलं, जीव वाचला, उजवं अंग थोडं सुधारलं, पण वाचा गेली. त्यांना सगळं कळायचं, डोळे सगळ्यांवरून फिरायचे, पण शब्द फुटत नव्हता. पाऊणशे वर्षं ज्या बाईची जीभ थांबली नव्हती तिला असं गप्प पडलेलं बघून मामा घरी येऊन चपला न काढता तसेच झोपाळ्यावर बसले. इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, ह्यांच्याशी ह्यांच्या भाषेत खूप बोला. ह्यांचं आधीचं बोलणं कुठे टेप केलेलं असेल तर तेही ऐकवा, कधीकधी उपयोग होतो.

टेप केलेलं होतंच. अक्कांचं तासन्‌तास बोलणं 'फणसाची भाजी' या नावाखाली होतं. पण ती फाइल उघडायला गेलं की पडदा गोठायचा. मामांनी एका सकाळीत कंप्युटर दहा वेळा बंद-चालू केला, आणि दर खेपेला टकटक वाढलेली. मी ऑफिसातून आल्यावर ते पाहून ओरडलेच. "मामा, हात लावू नका आता! नवी डिस्क येईपर्यंत चालू करायचं नाही. ही कधीही जाईल आणि जाताना सगळ्यांना घेऊन जाईल."

"अस्की?"

"अस्की."

दुसऱ्या कुठेच प्रत नव्हती. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी केलीच नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मामी देवघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे अक्का पण जाईल?"

दुकानदार म्हणाला, बाहेरून लावायची डिस्क घ्या, सोपं पडेल, नुसती वायर खुपसायची. मला ते पटलं होतं. मामा ऐकेनात. "थोरल्यांचा भाऊ बाहेर ठेवायचा? एका घरांत राहतील दोघं." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. आत बसणारी डिस्क गावात नव्हती, मागवावी लागली. ती आली तेव्हा नवरात्राचे आठ दिवस संपले होते. मी म्हटलं, आत्ताच बसवून टाकू.

"उद्या सरस्वतीपूजा," मामा म्हणाले. "हत्यारं पूजेला बसतात. परवा दशमी, परवा चालू करूं."

इथे माझा इलाज नव्हता. नवमीला तंजावुरात कोणी हत्यार उचलत नाही. सुतार रंधा पूजतो, रिक्षावाला रिक्षा पूजतो, आमच्या ऑफिसात आम्ही शिक्के आणि प्रिंटर पूजले. पुस्तकंसुद्धा त्या दिवशी उघडत नाहीत, आणि दशमीला सगळं नव्यानं सुरू होतं. एका दिवसानं काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं.

नवमीच्या संध्याकाळी सुंडल, म्हणजे प्रसादाची चण्याची उसळ, खायला खाली गेले. तिकडे नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यांच्यापुढे पाट मांडला होता. त्यावर पोथ्या, मोपेडची किल्ली, रेकॉर्डर, मामींची सुरी, मामांची खात्यातली पक्कड आणि चिमटे. आणि मधोमध, कॅबिनेट उघडून बाहेर काढलेले थोरले, शेजारी धाकटे. सगळ्यांना चंदन आणि कुंकू. थोरल्यांना जरा जास्तच.

"वयानं मोठे म्हणून दोनदा लावलं," मामींनी कौतुकानं सांगितलं. त्यांची बोटं अजून चंदनानं ओली होती. "त्यांत अस्की बोलतात की. म्हणून तोंडालाही लावलं."

मला हे इतकं गोड वाटलं की मी फोटो काढला. कॉलेजात कंप्युटर जुळवल्याची बढाई मारणारी मी! डिस्कचं तोंड म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. मी सुंडल खाल्लं आणि वर जाऊन झोपले.

दशमीला राहुकाळ टाळून मामांनी वेळ काढली. मेन स्विच बंद केला, वर प्लगही काढला. मी कॅबिनेट आडवं ठेवलं, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. थोरले वरच्या कप्प्यात, धाकटे खालच्या, याबाबत तडजोड नव्हती. नव्या डिस्कबरोबर स्क्रू आले नव्हते आणि जोडायची केबलही नव्हती, दुकानं दशमीची बंद. मामांनी फळीवरची एक बाटली हलवली, नापसंतीनं ठेवली, दुसरी हलवली आणि तिच्यातून बरोबर चार स्क्रू काढून दिले. केबल ट्रंकेतून आली, नवीकोरी, कधीकाळी जास्तीची मिळालेली. काहीही न टाकणाऱ्या माणसाला त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून शाबासकी दिली.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला आणि काळ्यावर पांढरी अक्षरं आली. चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मी यादी उघडली. नवी डिस्क दिसत होती. जुनी नव्हती.

"धाकटे आले," मामा पडद्याला नाक लावून म्हणाले. "थोरले कोठे?"

मी केबल काढून घातली. दुसरी केबल लावली. जागा बदलली. नाही. मग जुनी डिस्क बाहेर काढून उजेडात धरली. जिथे केबल बसते त्या खाचेत, सोनेरी पट्ट्यांवर, चंदन वाळून घट्ट बसलं होतं. वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, हे झाकू नका असं त्याच्याशेजारी छापलेलं असतं. त्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

"हे कोणी केलं?" मी ओरडले. खरं तर मला ठाऊक होतं. पण रागाच्या भरात माणूस ठाऊक असलेलंच विचारतो.

"मी," मामा म्हणाले.

मामी दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मामांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच लावलं. मला कळलं नाही. तिला काही पुसूं नका," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली डिस्क काढून घेतली. एवढ्या विक्षिप्त, हट्टी माणसात मी त्या दिवशी नवरा म्हणजे काय ते पाहिलं.

मग ते खाली बसले. चष्म्यावर भिंग लावलं. स्पिरिटची बाटली, जुना मऊ ब्रश, कापूस. हात सत्तरी उलटलेले, कॉफीचा पेला धरतानासुद्धा थरथरणारे. पण ब्रश धरल्यावर थरथर गेली कुठे कोण जाणे. पट्ट्या एकेक करून पुसल्या. भोकावरचं कुंकू त्यांनी खरवडलं नाही. चिकटपट्टीचा तुकडा हलकेच लावायचा, उचलायचा, पुन्हा नवा लावायचा, असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मामी ताट तसंच धरून उभ्या होत्या, मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. दीड तासानं मामांनी डिस्क फिरणाऱ्या एकमेव पंख्याखाली वाळत ठेवली आणि म्हणाले, "आतां त्यांची मर्जी."

मी दुसऱ्यांदा बटण दाबलं. पंखा. पडदा. आणि टकटक. ती टकटक मला इतकी गोड कधी वाटली नव्हती. यादीत दोन डिस्क होत्या. मामींनी मोठ्यानं हुंदका दिला आणि आत पळाल्या.

नवी डिस्क तयार करताना मी प्रत्येक सूचना मोठ्यानं वाचली, कुठली पुसायची आणि कुठली नाही हे मामांकडून दोनदा वदवून घेतलं. मग पहिली प्रत 'फणसाची भाजी'ची. ती माझ्या लॅपटॉपवरही घेतली, कोणालाही न विचारता. बाकीचं उतरायला संध्याकाळ झाली. मामा जेवायलाही उठले नाहीत. मामींनी भात कालवून तिथेच आणून दिला, तो त्यांनी पडद्याकडे बघत खाल्ला.

रविवारी आम्ही तिघं बसनं ओरत्तनाडूला गेलो. अक्का खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, केस विंचरलेले, डोळे मात्र असे की मी उगीचच पदर नसताना ओढणी सावरली. सुनेनं सांगितलं, काल दिवसभर काही आवाज केला नाही. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि फाइल लावली.

अक्कांचा आवाज खोलीत घुमला, खणखणीत, चिडका. आधी बराच वेळ फणस कापायला कोणी येत नाही म्हणून तक्रार. मग मामांच्या लहानपणाचं काही. मग शाळेचं. दोघांतल्या एकालाच पुढे शिकवायचं असं आप्पांनी ठरवलं होतं, आणि अक्का हुशार होत्या म्हणे.

"...मीच सांगिटलं आप्पांना," लॅपटॉपमधल्या अक्का हसत सांगत होत्या. "मला नको शाळा. डोकं दुखतं माझं. ह्याला धाडा म्हणून सांगिटलं. मला पहिल्यापासून कंटाळाच शाळेचा."

मामाही हसले. "असंच सांगते नेहमी," ते मला म्हणाले. "आळशी होती फार."

खाटेवरून घशातल्या घशात काहीतरी आवाज आला. मी फाइल थांबवली. अक्कांचा जबडा हलत होता, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सून पाणी आणायला उठली, अक्कांनी डाव्या हातानं तिला खाली बसवलं.

"ल..." त्या म्हणाल्या. लाळ हनुवटीवर आली, मामींनी पुसली. "लट..."

"काय, अक्का? काय म्हटलीस?" मामा खाटेशी वाकले.

"लटकं," अक्का म्हणाल्या. जड, वाकडा, पण स्वच्छ शब्द. त्यांनी बोट लॅपटॉपकडे नेलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. "लटकं."

काही वेळ मामांना कळलं नाही. मग कळलं, ते मला त्यांच्या पाठीवरून दिसलं. ते हळूच खाली जमिनीवर बसले आणि खाटेच्या कडेला, बहिणीच्या मांडीशी डोकं टेकलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची शाळा त्या खोलीत आली होती आणि कुठे बघावं ते आम्हा तिघींना कळत नव्हतं.

"आणि मी दोनदा नापास झालों, अक्का," मामा तिथूनच म्हणाले. "दोनदा."

अक्कांच्या तोंडाची एकच बाजू हलत होती. त्या एका बाजूनं त्या हसल्या, आवाज करून हसल्या, आणि डाव्या हातानं भावाच्या टकलावर एक चापट मारली.